तळं पाहिलं, करार पाहिला का?

वाचक ताईंचं पत्र मोठं होतं, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

‘मी ६६ वर्षांची, हे ७१. आमचं घर दुमजली, पाच खोल्यांचं, वर माळा. २९ वर्षं इथे काढली. मुलगा-मुलगी आपापल्या संसारात, दोघंही दूर. हे निवृत्त झाल्यापासून एकच घोकताहेत: तळ्याकाठी ज्येष्ठांची वसाहत आहे, तिथे दोन खोल्या घेऊ आणि हे घर विकून टाकू. एकदा जाऊन आलो. संध्याकाळ होती, तळं फारच सुंदर दिसत होतं. यांनी तिथल्या तिथे आगाऊ रक्कम भरायची तयारी दाखवली, मी हात धरला. तेव्हापासून घरात अबोला. माझे गुडघे दुखतात, जिना नको होतो, हे खरं आहे. पण माझं शिवणकाम इथे आहे, बायका येतात, गप्पा होतात. आणि एवढं सामान कुठे नेणार? आईचं कपाट आहे, आठ खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आहे, मुलांच्या पेट्या आहेत. मुलं म्हणतात, तुम्हाला हवं ते करा, पण आमच्या खोल्यांना हात लावू नका. मी हट्टीपणा करतेय का?’

ताई,

हट्टीपणा कसला? न वाचता पैसे भरणाऱ्याचा हात धरला, यात सावधपणाच आहे. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. दोन पानांपैकी दीड पान सामानावर आणि गुडघ्यांवर एक ओळ. यजमानांचंही तसंच. त्यांच्या बोलण्यात तळंच तळं, पण पैसे भरल्यावर हाती नेमकं काय येणार याबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे दोघंही भांडताय भलत्याच गोष्टीवरून. सामान मावतं की नाही हे एका दुपारी कळेल. घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. तुम्हा दोघांपैकी एक जण कधीतरी मागे एकटा राहणार आहे, आणि ते घर, तो करार, तो महिन्याचा खर्च त्या एकट्या माणसाला झेपेल का, हे अजून कोणीच विचारलेलं नाही. लिहायला बरं वाटत नाही, वाचायलाही वाटणार नाही. तरी मी उत्तर देणार आहे ते हाच प्रश्न धरून.

आधी करार. अशा वसाहतींत पैसे भरून काय मिळतं ते सगळीकडे सारखं नसतं. कुठे घराची सरळ मालकी मिळते, पुढे विकता येतं, मुलांच्या नावावर होतं. कुठे दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असतो. कुठे मोठी ठेव घेऊन फक्त हयातभर राहण्याचा हक्क देतात. घर संस्थेचंच राहतं, आणि तुम्ही सोडलंत किंवा तुमचं काही बरंवाईट झालं की ठेवीतून ठरलेला भाग कापून बाकीची परत. या शेवटच्या प्रकारात मुळातच काही वाईट आहे असं नाही. मालकीपेक्षा कमी पैशांत भागत असेल तर तो सोयीचाही पडतो. पण ठेव परत कधी मिळणार? ‘नवा रहिवासी आल्यानंतर’ असं लिहिलेलं असेल तर तो सहा महिन्यांत येईल की तीन वर्षांत, हे तुमच्या हातात नाही. तोवर रिकाम्या घराचं मासिक शुल्क कोणाच्या डोक्यावर? दरवर्षी ठेवीतून किती टक्के वजा होतात, ती वजावट कधी थांबते, मासिक शुल्क वाढवायला काही मर्यादा आहे की सगळं व्यवस्थापनाच्या मनावर? पत्रकात हे सापडणार नाही. पत्रकात तळं असतं.

आता तोच करार मागे राहिलेल्याच्या नजरेने पुन्हा वाचा. तो दोघांच्या नावे आहे की एकट्या यजमानांच्या? एक जण गेल्यावर दुसऱ्याचा राहण्याचा हक्क आपोआप चालू राहतो की पुन्हा नवा करार, नवी ठेव? मासिक शुल्क निम्मं होईल अशा भ्रमात राहू नका. माणशी धरलेला भाग कमी होतो, घरामागे धरलेला तसाच राहतो. एकाला स्मृतिभ्रंश झाला किंवा कोणी अंथरुणाला खिळलं, तर त्याची देखभाल त्याच घरात होते की त्याला शुश्रूषेच्या वेगळ्या इमारतीत हलवतात? हलवलं तर दोन ठिकाणचे दोन खर्च सुरू होतात का? आणि तशी इमारतच नसेल तर त्या दिवशी तुम्ही जाणार कुठे? ‘आमच्याकडे सगळ्या सोयी आहेत’ हे उत्तर धरू नका. कोणती सोय, किती वाजेपर्यंत, कोणत्या खर्चात, आणि करारात कुठल्या कलमात, असं विचारायचं. आणि वकील आपला न्यायचा. वसाहतीने सुचवलेला माणूस कितीही गोड बोलला तरी त्याची फी कुठून येते ते लक्षात ठेवा.

शेजार कोणत्या वयाचा आहे तेही पाहा. या वसाहतींची कल्पना काही कालची नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात सन सिटी ही निवृत्तांची वसाहत १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली आणि घर पाहायला लोकांची झुंबड उडाली. म्हातारपण म्हणजे नुसता आराम नव्हे, खेळ, छंद आणि समवयस्क माणसं, हे गणित तेव्हापासून जगभर चालत आलंय. त्यात एक गोम आहे. सगळे साठीचे लोक एकाच वर्षी राहायला आले तर पंधरा वर्षांनी ते सगळे एकदमच पंचाहत्तरीचे होतात. समितीवर काम करायला धडधाकट माणूस उरत नाही, मदत मागणारे वाढतात आणि करणारे घटतात, दुरुस्त्याही त्याच सुमाराला निघतात. म्हणून तिथल्या रहिवाशांत पासष्टीचे किती, पंचाऐंशीचे किती, गेल्या दोन वर्षांत नवे कोण आले, हे विचारा. विक्री कार्यालयात नको, बाकावर बसलेल्या एखाद्या आजींना विचारा. त्या खरं सांगतील, आणि न विचारलेलंही सांगतील.

आता ते तळं. मी तळ्याच्या विरोधात नाही. रोज सकाळी खिडकीतून पाणी दिसणं ही चैन आहे आणि सत्तरीत चैन करायला हरकत नाही. पण तळं कोणाचं आहे? ते नैसर्गिक असून सरकारच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल, तर समोर उद्या काय उभं राहील यावर तुमचा काडीचा अधिकार नाही. ते वसाहतीने खोदलेलं असेल तर गाळ काढणं, पाणी खेळतं ठेवणं, काठ बांधून घेणं हा सगळा खर्च रहिवाशांच्या मासिक शुल्कातूनच निघणार. तुम्ही पाहिलं ते संध्याकाळचं तळं. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मधे पाणी आणि भोवती चिखलाचा पट्टा उरतो. साचलेलं पाणी तापलं की शेवाळ माजतं, त्याला वास येतो, आणि निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारीही असतात. काठच्या गवतात नि डबक्यांत डास होतात. पूररेषा कुठे आहे आणि घराची जोत्याची पातळी तिच्या किती वर आहे, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

आणि ओल. हा मुद्दा कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. घरातली सापेक्ष आर्द्रता बराच काळ साठ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. पाण्याजवळच्या घरात हे सहज होऊ शकतं. लहान घरात कपाटं भिंतींना चिकटून ठेवावी लागतात, मागे हवा खेळत नाही आणि नेमकी तिथेच काळपट डागांची नक्षी उमटते. तुमच्याकडे कापड आहे, दोरे आहेत, मशीनचे लोखंडी भाग आहेत. तिथे पुन्हा जाल तेव्हा हॉलमध्ये उभं राहून खिडकीबाहेर पाहत बसू नका. मोकळ्या घरातल्या भिंतीतल्या कपाटाचं दार उघडा, डोकं आत घाला आणि वास घ्या. मागच्या फळीवरून हात फिरवा. बाहेरच्या बाजूच्या भिंतीचा खालचा वीतभर भाग पाहा, रंगाला फुगे आलेत का. ताजा रंग फक्त तेवढ्याच पट्ट्यात दिसला तर समजून जा. एक साधा आर्द्रतामापक विकत घेऊन चार दिवस तिथे ठेवता आला तर वादच मिटतो.

घर पाहताना तुमचे आजचे गुडघे नव्हे, आणखी दहा वर्षांनंतरचे गुडघे धरून पाहायचं. दाराची मोकळी रुंदी चाकाच्या खुर्चीला निदान ८० सेंटिमीटर लागते, ९० असेल तर उत्तम. खुर्ची जागच्या जागी वळायला साधारण दीड मीटरचा गोल लागतो. रॅम्प असेल तर एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. त्याहून उभा रॅम्प दिसायला असतो, वापरायला नाही. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाय अडखळतो का? भिंती आधाराचा दांडा पेलतील एवढ्या भक्कम आहेत का? पोकळ पत्र्यावर ठोकलेला दांडा तुमच्यासकट खाली येईल. रात्री अंथरुणातून न्हाणीघरापर्यंतची वाट अंधारात चालून पाहा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांश उजेड पोचतो, त्यामुळे ‘दिवे भरपूर आहेत’ हे तिथल्या तरुण कर्मचाऱ्याचं मत ऐकून सोडून द्यायचं. दवाखाना किती दूर हे किलोमीटरमध्ये नको, मिनिटांत विचारा, तेही रात्री दोन वाजताचं. मेंदूत गुठळी होऊन पक्षाघात झाला तर ती विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि स्कॅन होऊन निदान झाल्याशिवाय ते देताच येत नाही. तेव्हा जिथे स्कॅन होतो असंच रुग्णालय मोजायचं, सर्दी-खोकल्याचं क्लिनिक नाही.

तुमचं शिवणकाम तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, जणू तो छोटा मुद्दा. मला तो सगळ्यात मोठा वाटतो. मशीन दोन फुटांत मावेल. बायका कुठे मावतील? बऱ्याच वसाहतींत घरातून व्यवसाय करायला बंदी असते, बाहेरच्या माणसाला फाटकावर नोंद करावी लागते, ठराविक वेळेनंतर सोडत नाहीत. फाटकावर सही करून, ओळखपत्र दाखवून कोण ब्लाउज शिवायला येणार? म्हणजे पैसे तर जातीलच, माणसांची ये-जाही तुटेल. तुमचे यजमान तळ्याकाठी चार मित्र जोडतील, तसा त्यांचा स्वभाव दिसतोय. तुमची मैत्री कामातून होते. दिवसभर निवांत बसायला सांगितलं तर तुम्ही आठवड्यात कावाल. तेव्हा ही अट तुमच्याकडून पहिली मांडा: काम करायची लेखी परवानगी, मग ती घरात असो की सामायिक सभागृहाच्या एका कोपऱ्यात. नकार आला, तर ती वसाहत तुमच्यासाठी नाही, तळं कितीही सुंदर असो. लहान घरात जायला दुसऱ्याही जागा असतात. आत्ताच्या वस्तीतच तळमजल्यावरच्या किंवा लिफ्ट असलेल्या दोन खोल्या हा पर्याय तुम्हा दोघांपैकी एकानेही तोंडातून काढलेला नाही, याचं मला नवल वाटतं.

सामानाकडे येते. नव्या घराचा मोजमापांसकट नकाशा मागवा. तुमच्या मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावून नवी झोपायची खोली खऱ्या मापात आखा. दार कुठे उघडतं, खिडकी कुठे, सगळं. मग पलंग त्यात ओढा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना चालायला निदान अडीच-तीन फूट सोडा, आणि उरलेल्या जागेत आईचं कपाट उभं करून पाहा. कपाटाची उंचीही मोजा, ते पुढून मागे किती आहे तेही मोजा, आणि जिन्याच्या वळणावरून किंवा लिफ्टमधून ते जाणार का हेही. बसलं तर न्या. नाही बसलं तर रडून घ्या, पण वाद संपतो. पट्टीसमोर ना तुमचं चालणार ना यजमानांचं.

आठ खुर्च्यांच्या टेबलाबद्दल माझं मत सरळ आहे: देऊन टाका. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी उरलेले दिवस त्याला वळसा घालून चालायचं, ही हौस मोठ्या घरात परवडते. पाहुण्यांच्या गाद्यांचंही तेच. वसाहतीत भाड्याने पाहुण्यांची खोली मिळते का, ते विचारा.

विकायला काढलेल्या वस्तूंना मनासारखी किंमत येणार नाही, याची तयारी ठेवा. त्यात घेणारा लबाड असतो असं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना साधे कप दिले आणि ते कितीला विकाल असं विचारलं. ज्यांना कप मिळाले नव्हते त्यांना, कितीला घ्याल असं विचारलं. कप तेच, पण विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास निघाली. कप हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. तुमच्या वस्तू २९ वर्षं हातात आहेत. म्हणून जे विकायचं ते एकदा भाव ठरवून विका, आणि ज्याचा भाव ऐकून जीव दुखेल ते विकू नका, ओळखीच्या माणसाला द्या.

आवराआवर माळ्यापासून सुरू करा, फोटोंपासून नाही. फोटोंचा खोका पहिल्या दिवशी उघडला की तो दिवस गेला. माळ्यावर बंद पडलेल्या यंत्रांची रिकामी खोकी असतील, कशाची ते न आठवणाऱ्या वायरी असतील, त्यांच्यात कोणाचा जीव अडकलेला नसतो. तिथे हात सरावतो. मग स्वयंपाकघर, मग कपडे, मग पुस्तकं, आणि फोटो, पत्रं सगळ्यात शेवटी. यजमानांच्या वस्तू तुम्ही काढायच्या नाहीत आणि तुमच्या त्यांनी काढायच्या नाहीत. दोघांच्या सामायिक वस्तूंवर रोज तासभर, त्याहून जास्त नाही, कारण दमलेली माणसं एक तर सगळं ठेवतात नाही तर सगळं फेकतात. घराचे कागद, विमा, इच्छापत्र, वैद्यकीय फायली यांची पिशवी आधीच बाजूला काढून कोणाकडे तरी सुरक्षित ठेवा, ती चुकून रद्दीत जाते.

आणि हे घर विकण्याची घाई अजिबात नको. क्रम उलटा करा. त्या वसाहतीत महिना-दोन महिने भाड्याने राहता येतं का बघा, आणि राहायला जा ते वर्षातल्या सगळ्यात वाईट ऋतूत. ओल, डास, अंधार, शेजाऱ्यांचा टीव्ही, एकमेकांच्या पायात येणं, सगळं तेव्हा कळेल. पाच खोल्यांत नवऱ्याशी अबोला धरता येतो, दोन खोल्यांत तो जमत नाही, हेही कळेल. भाड्याने राहू देत नसतील तर का देत नाहीत, ते विचारा. पटलं तर जा, तरीही शक्य असेल तर हे घर सहा महिने-वर्षभर भाड्याने देऊन ठेवा आणि मग विका. हे घर विकल्याशिवाय ते घेताच येणार नसेल, तर विकून आलेला सगळा पैसा तिथे ओतू नका. औषधपाणी आणि परतीची वाट, एवढं बाजूला राहिलं पाहिजे.

यजमानांशी बोलताना मात्र तळ्यावरून टोमणे मारू नका. ७१ वर्षांचा माणूस घर विकायला एवढा उतावीळ का झालाय, हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. कदाचित तो जिना त्यांनाही जड जात असेल आणि तसं म्हणवत नसेल. कदाचित घराची गळती, दुरुस्त्या, नळवाला, वायरमन या सगळ्याचा त्यांना कंटाळा आला असेल. कदाचित आपल्या मागे तुम्ही या पाच खोल्यांत एकट्या कशा राहाल, याचंच त्यांना भय वाटत असेल, आणि तसं असेल तर तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात. त्यांना विचारा, ‘तळं नसतं तरी तुम्ही इथून हलला असता का?’ हो म्हणाले, तर तुमच्यासमोर घराचे बरेच पर्याय मोकळे होतात. नाही म्हणाले, तर आठवड्यातून एक दिवस तळ्याकाठी जायला घर विकावं लागत नाही.

मुलांच्या खोल्यांचं तेवढं राहिलं. ‘हवं ते करा पण आमच्या खोल्या तशाच ठेवा’ हे म्हणणं गोड आहे आणि न्यायाचं नाही. दोघांना फोन करा, आणि चिडून नको, नेहमीच्या आवाजात एक तारीख सांगा, आजपासून तीन महिन्यांनंतरची. तोवर येऊन आपापल्या पेट्या उघडायच्या, हवं ते न्यायचं, नको ते स्वतःच्या हाताने टाकायचं. येणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर तुम्ही एकेक वस्तू दाखवाल, त्यांनी हो किंवा नाही म्हणायचं. ‘राहू दे ना’ हे उत्तर चालणार नाही. तारीख उलटली की उरलेलं तुम्ही पाठवून द्याल, पार्सलचा खर्च त्यांचा.